मिरीच्या चक्कीचे दुधाचे दात

नग क्रमांक चार शालनबाईंच्या स्वयंपाकघरात, भर सकाळी अकरा वाजता, चार माणसांच्या देखत तुटला.

तसं काही झालेलं नाही. वरचं वाक्य कुणी वाचलं असेल तर कृपया विसरून जावं. गायकर साहेबांचा नियमच आहे तसा: जे रजिस्टरात नाही ते झालेलं नाही. या नियमामुळे मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात गेल्या सहा वर्षांत एकही अपघात झालेला नाही, पत्रा गळलेला नाही, आणि कँटीनच्या आमटीत निघालेली पाल तर या पृथ्वीवर जन्मालाच आलेली नाही. तेव्हा नग क्रमांक चार शाबूत आहे असं धरून आपण नोव्हेंबरपासून सुरुवात करू.

नोव्हेंबरात गायकर साहेबांनी संघरत्ना रोकडेला केबिनमध्ये बोलावलं. संघरत्ना क्वालिटी खात्यात होती आणि साहेब त्या खात्याचे व्यवस्थापक. वय सत्तावीस, नोकरीला तीन वर्षं, आणि तिन्ही वर्षं अकरा-अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की कारखाना तिला एक महिना घरी पाठवायचा, म्हणजे ती कायम व्हायला नको. त्या महिन्यात ती कायद्याने बेकार असायची आणि फोनवर क्वालिटी खात्याला सगळं कुठं ठेवलंय ते सांगत असायची. तिच्या कायम होण्याचं पत्र मात्र टाइप होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खाली सहीची जागा तेवढी कोरी होती.

कारखाना मिरी दळायच्या हातचक्क्या करायचा. ‘गिरकी’ नावाच्या. वीतभर उंचीचा कातीव लाकडी खांब, वर बोंडी, आत स्टीलचा दांडा, तळाला दाते. पोटात अख्खी मिरी भरायची, बोंडी पिरगाळायची, खाली भरड पडते. परदेशात म्हणे हे प्रत्येक ताटाशेजारी उभं असतं आणि माणसं जेवता जेवता दळतात. आपल्याकडे दळण आधी होतं आणि जेवण नंतर, पण ज्याची त्याची पद्धत.

“रोकडे,” साहेब म्हणाले, “परदेशी गिऱ्हाइकाला पंचवीस वर्षांची हमी हवीय. नुसती खोक्यावर छापलेली नाही. घरात वापरून बघितलेली, रिपोर्टसकट.”

“पंचवीस वर्षं वापरून बघायची, सर?”

“तीन महिने. पंचवीस वर्षं माझ्याकडं नाहीत, दोन वर्षांत रिटायर होतोय. चार नग तुमच्या गावाला घेऊन जा.”

“माझ्याच गावाला का, सर?”

“तुमच्या गावात जी वस्तू तीन महिने टिकली ती जगात कुठंही पंचवीस वर्षं टिकते.”

ही गावाची स्तुती की अपमान, ते संघरत्नाला ठरवता आलं नाही. तेवढ्यात साहेबांनी ड्रॉवर थोडा उघडला आणि पत्राचा कोपरा दाखवला. “चारी पास झाले की सही.” ड्रॉवर बंद झाला. स्तुतीच असावी असं तिने ठरवलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी. कारखान्यात चक्क्यांची तपासणी रोज व्हायची. एक मोटर बोंडी धरून चक्की तासन्‌तास फिरवायची. तिच्यात घालायला पोत्यातून पांढरे गोल दाणे काढायचे, आणि पोत्यावर लिहिलेलं असायचं ‘टेस्ट मटेरियल’. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात संघरत्नाने त्यातला एक दाणा चावून पाहिला आणि ती उडालीच.

“सर, हा साबुदाणा आहे!”

“गोल आहे ना?”

“हो, पण…”

“मिरी कशी असते?”

“गोल.”

“मग? रंग वेगळा आहे, तो बघणाऱ्याला. चक्कीला डोळे असतात का?”

चक्कीला डोळे नसतात हे खरं होतं. शिवाय साहेबांचं शिक्षण जास्त होतं. तीन वर्षं संघरत्ना साबुदाणा दळत आली आणि खाली सही करत आली: ‘मिरी, भरड, समाधानकारक.’

*

तिचं गाव डोळखांबच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथून आणखी पाऊण तास. सरळगाव, किन्हवली करत ती स्कूटीवरून आली तेव्हा भाताची झोडणी चालू होती आणि सगळ्या गावाच्या केसांत पेंढा होता. चार खोकी तिने ओट्यावर मांडली. बघायला पहिले आले शेजारचे धाऊकाका.

धाऊकाका बैलांचे दलाल. म्हशाच्या जत्रेत टॉवेलखाली बोटं धरून सौदा करायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. कुठलीही नवी वस्तू ते एकाच पद्धतीने तपासायचे. गावात पहिला फ्रीज आला तेव्हा त्यांनी त्याचा दरवाजा उघडून आत अंगठा फिरवला होता. आता त्यांनी नग क्रमांक एक उचलला, चारी बाजूंनी थोपटला, आडवा केला, आणि बुडाच्या दात्यांवरून अंगठा फिरवला. मग तोंड वाकडं केलं.

“आदत हाय.”

“म्हणजे काय, काका?”

“म्हंजे दुधाचं दात हायत अजून. पडलं नायत. याला आताच कामाला लावशील तर रडत बसशील गो.”

“काका, ते सिरॅमिक आहे. काचेपेक्षा कडक.”

“दात दाताचं काम करतील तवा दात. तंवर शोभा.”

“बरं, घेणार ना एक? वापरायचा मात्र रोज.”

“देतेस तर घेतो. पण दोष मला लावू नको.”

दुसरा नग ठकीमावशीने घेतला. ठकीमावशी म्हणजे समोरच्या घरातली, साठीच्या पुढची, घरात एकटी आणि तोंडाने दहा. तिने बोंडी दोनदा फिरवून पाहिली. “ह्याच्यात घालायचं काय?”

“मिरी.”

“मिरी!” ठकीमावशी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. “रोज? मिरी काय रोज खायची वस्तू हाय का गो? घसा बसला तर दोन दाणे काढ्यात. बाळंतिणीला चार. तू आमाला सगळ्यांना बाळंत करतेस काय?”

“मग दुसरं काही घाल, मावशी. फिरव म्हणजे झालं.” हे आपण बोलून गेलो त्याचा पुढे पश्चात्ताप होईल, असं संघरत्नाला त्या वेळी वाटलं नाही. चक्की फिरली की झालं, हे तिला कारखान्यानेच शिकवलं होतं.

तिसरा नग तिच्या आईच्या रोजच्या वापरासाठी. आणि चौथासुद्धा आईलाच द्यावा लागला, कारण चौथं घर अख्खं झोडणीला शेतावर होतं.

आईने, म्हणजे शालनबाईंनी, चौथा नग पदराने पुसला, लोखंडी कपाट उघडलं आणि आत ठेवून दिला. त्या कपाटात सोनेरी काठाचे सहा कप होते, एक काचेचा जग होता आणि नवी कोरी चादर होती. हे सगळं पाहुण्यांसाठी. कप संघरत्नाच्या जन्मापासून तिथं होते आणि त्यांतून आजपर्यंत दोनदाच चहा प्यायला गेला होता.

“आई, तो वापरायचाय.”

“वापरू की. पाहुणं आलं का काढू.”

“कंपनीनं वापरायला दिलाय!”

“कंपनीचा हाय म्हणूनच. उद्या कोण मोठा माणूस आला तर त्याच्या म्होरं काय ठेवू, मीठ लागलेला?” कपाट बंद झालं. चावी कनवटीला गेली.

संघरत्नाने रजिस्टर उघडलं. नग क्रमांक चारपुढे ‘वापर’ या रकान्यात काय लिहायचं याचा तिने बराच विचार केला आणि लिहिलं: ‘दर्शनी.’

*

दर रविवारी नग तपासायचे असं ठरलं होतं. पहिल्याच रविवारी ठकीमावशीच्या ओटीवर पाऊल टाकताच संघरत्नाला अशी ठसकन शिंक आली की डोळ्यांतून पाणी आलं. मावशी चक्की पिरगाळत बसली होती. खाली काळीभोर पूड पडत होती.

“मावशी, मिरी?” संघरत्नाला आनंद झाला.

“कसली मिरी? मिश्री! तंबाकू तव्यावर जाळली नि ह्याच्यात घातली. बघ कशी मऊ येते. पाट्यावर इतकी येत नाय.” आणि तिने त्या पुडीनेच दात घासायला सुरुवात केली.

संघरत्ना खालीच बसली. परदेशातल्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर, मेणबत्तीशेजारी उभं राहायचं ते लाकूड काळं पडलं होतं आणि त्याला जळक्या तंबाखूचा वास येत होता. तिने चक्की उघडली. आत सगळं जागच्या जागी. दाते शाबूत, दांडा सरळ, दांड्याची कडी घट्ट. तिने लिहिलं: ‘समाधानकारक.’

पुढच्या रविवारी भाजलेली नाचणी होती. त्याच्या पुढच्या रविवारी चुलीतला कोळसा होता, कारण मावशीच्या मते तंबाखूत कोळसा मिसळला की दात पांढरे होतात. चक्कीने कोळसाही दळला.

आईच्या नगात जाडं मीठ होतं, तेही ओलं. लाकूड फुगलं, तळाला गंजाची कड आली, पण बोंडी फिरत राहिली. एके सकाळी आई त्याच नगाने वेलदोडे ठेचत होती. म्हणजे फिरवून नाही. दांडक्यासारखा धरून.

“आई गं!”

“काय झालं? ठेचलं जातंय की.”

‘समाधानकारक.’

धाऊकाकांचा नग मात्र दोन रविवार सापडलाच नाही. “हाय, हाय, कामावर हाय,” एवढंच ते सांगायचे. तिसऱ्या रविवारी संघरत्ना त्यांच्या गोठ्याकडे निघाली तर समोरून त्यांचं खोंड धावत आलं. बंटी त्याचं नाव. दावं तोडून पळायची त्याला खोड. त्याच्या गळ्यात दोरी, आणि दोरीला पुढच्या दोन पायांच्या मधोमध लोंबकळत, प्रत्येक ढांगेला त्याच्या गुडघ्यांवर आपटत, दगडांवरून खडखडत येणारा नग क्रमांक एक.

बंटी तिच्यापर्यंत येऊन थांबला. गुडघे दुखले असावेत.

“लोढणं केलंय त्याचं,” मागून धाऊकाका सावकाश चालत आले. “माझं पळसाचं लोढणं फुटलं. हे फुटत नाय. बघ, आता लांब पळत नाय तो. गुणाची वस्तू हाय.”

“काका, ही मिरीची चक्की आहे!”

“तू बोललीस ना, रोज वापरायची? सकाळी घालतो, सांजचं पण काढत नाय.”

तिने खोंडाच्या गळ्याखाली वाकून, खोंडाचा श्वास मानेवर घेत, चक्की तपासली. बाहेरून तिचं पॉलिश गेलं होतं आणि शेण लागलं होतं. बोंडी फिरवली. फिरली. लोण्यासारखी.

जानेवारीत म्हशाची जत्रा भरली. धाऊकाका बंटीला तिकडं घेऊन गेले, लोढण्यासकट, कारण गाठ सुटेना. परत आले ते थेट संघरत्नाच्या ओट्याशी.

“एक टेम्पोवाला मागं घेत होता. मी बोललो, अरे थांब, थांब! बंटी सरकला बाजूला, दोरी लांब, ती वस्तू चाकाखाली. असा आवाज आला! माणसं गोळा झाली. मला वाटलं खलास.”

“तुटली?”

“टायर फुटला.”

“काका!”

“खोटं बोलत असंन तर बंटी साक्षीला हाय. आणि ऐक, लगेच एक जण टॉवेल घेऊन आला. मला वाटलं खोंडाचा भाव करतो. त्यानं टॉवेलखाली माझी बोटं धरली, मी धरली, आणि तो बोलतो, ‘खोंड नको, लोढणं दे.’”

त्या दिवशी रजिस्टरात लिहिताना संघरत्नाचा हात जरा थांबला. ‘टेम्पो (मागचे चाक). समाधानकारक.’ तिला पहिल्यांदाच आपल्या कारखान्याबद्दल काहीतरी वाटलं. अभिमान म्हणावा असं. पत्राची कोरी जागा डोळ्यांसमोर आली आणि तिथं निळ्या शाईची सही उमटताना दिसली.

*

महिनाअखेर गायकर साहेब गाडी घेऊन आले. सोबत परदेशी गिऱ्हाइकाच्या ठाण्याच्या कचेरीतल्या तपासनीस कुणाली मॅडम. किन्हवलीनंतर त्यांनी गाडीच्या काचा खाली घेतल्या होत्या, हवा चांगली म्हणून. रस्त्याचं काम चालू होतं. मॅडम उतरल्या त्या शिंकतच.

ओट्यावर बसून त्यांनी रजिस्टर वाचलं. पानं उलटताना त्यांच्या भुवया वरवर जात होत्या.

“तंबाखू? … कोळसा? … टेम्पो?”

“खरोखरीचा वापर, मॅडम,” साहेब म्हणाले. अर्धं रजिस्टर त्यांनीही आत्ताच पाहिलं होतं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठणठणीत होता. “लॅबमध्ये टेम्पो कुठून आणणार?”

“आणि तरीही चालतंय?” मॅडम थक्क झाल्या. “मी युरोपातल्या जुन्या कंपन्यांचे नग पाहिलेत. असं कुठंच… आच्छीं!”

“मॅडमना सर्दी झालीय,” आतून शालनबाई म्हणाल्या. “मिरी घालून चहा ठेवते.”

साहेब संघरत्नाकडे झुकले. हळूच म्हणाले, “पत्र बॅगेत आहे. सही झालीय. निघताना देतो.”

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. सोनेरी काठाचे कप निघाले. त्यांच्यामागून निघाला नग क्रमांक चार: तीन महिने अंधारात, कोरा, चकचकीत, तळाला अजून किमतीची चिकटपट्टी. शालनबाईंनी तो दोन्ही हातांनी आणला, जणू वाढदिवसाचा केक.

“हे बघा, तुमच्याच कंपनीचं. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं.”

मॅडम उठून स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्यामागे साहेब. संघरत्ना दारात. शालनबाईंनी डब्यातून मिरीचे सात दाणे काढले. पुतणीच्या बाळंतपणातले उरलेले होते ते. बोंडी काढली, दाणे आत सोडले, बोंडी बसवली, चहाच्या आधणावर चक्की धरली आणि पिरगाळली.

खट्ट.

आवाज लहानच होता. बोटं मोडल्यासारखा. मग बोंडी गरगर फिरू लागली, हलकी, मोकळी, कशाशीच संबंध नसल्यासारखी. खालून काही पडेना. मग पडलं: दात्यांचा एक पांढरा तुकडा, डुबुक करून चहात.

आधण उकळत राहिलं.

संघरत्नाने चक्की हातात घेतली, उलटी केली, उघडली. दांड्याची कडी फुटून दोन तुकडे झाली होती. दात्यांचा अर्धा फेर उडाला होता. आणि मधोमध सात मिरे बसले होते. अख्खे. एकालाही साधा ओरखडा नव्हता.

“काही झालेलं नाही,” गायकर साहेब म्हणाले.

“आवाज आला,” मॅडम म्हणाल्या.

“भांड्याचा.”

“साहेब, चहात दात पडलाय.”

“हा एकच नग नाजूक निघाला असेल,” संघरत्नाच बोलली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “हा वापरलाच नव्हता. बाकीचे तीन बघा. त्यांतल्या एकावरून तर टेम्पो गेलाय.”

बाकीचे तीन आणले. आईच्या मिठाच्या नगात डब्यातला आणखी एक मिरा टाकला. खट्ट. ठकीमावशीला हाक मारली, ती मिश्री तोंडात धरूनच आली. तिच्या काळ्या नगात एक मिरा टाकला. खट्ट. “अगो माझी मिश्री!” ती ओरडली आणि काळी थुंकी साहेबांच्या बुटावर उडाली. साहेबांना ते कळलंही नाही. ते अंगणाकडे पाहत होते.

अंगणात धाऊकाका बंटीला घेऊन उभे होते.

“गाठ सुटत नाय,” धाऊकाका म्हणाले. “अशीच बघा.”

आणि मग डोळखांबच्या पुढच्या त्या गावाने एक दृश्य पाहिलं, ज्याची पुढे कितीतरी दिवस वाटेल तशी वर्णनं झाली. क्वालिटी खात्याचे व्यवस्थापक, गळ्यात टाय, खोंडासमोर गुडघ्यांवर बसले. एका हाताने त्यांनी लोढणं धरलं, दुसऱ्याने त्यात एक मिरा टाकला, देवाचं नाव घेतलं आणि बोंडी पिरगाळली.

खट्ट.

बंटी दचकला आणि कुंपण मोडून पळाला. नग क्रमांक एक त्याच्या मागून दगडांवरून खडखडत गेला. बाहेरून बघणाऱ्याला तो अजूनही शाबूतच दिसला असता.

“मी पहिल्याच दिवशी बोललो,” धाऊकाका म्हणाले. “दुधाचं दात हायत.”

मॅडम ओट्यावर बसल्या. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. “तंबाखू चालते, कोळसा चालतो, टेम्पो चालतो. फक्त मिरी चालत नाही. मिरीच्या चक्कीला.” त्यांनी वर पाहिलं. “फॅक्टरीत कशावर टेस्ट करता हो तुम्ही?”

साहेब गुडघ्यांवरची माती झटकत आले. “मॅडम, विषय तो नाही. चौथ्या नगापासून सुरुवात झाली ना? तो या बाईंनी उलटा फिरवला. मी स्वतः पाहिलं. कडी ताणली गेली, घाईघाईत बाकीचेही उलटे फिरवले गेले. गावातल्या बायांना या वस्तूंची सवय नसते. चूक आमची आहे, आम्ही त्यांच्या हातात द्यायला नको होता.”

शालनबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांच्या हातात अजून सोनेरी काठाचा कप होता. “माझ्या हातून मोडलं गो रत्ना,” त्या हळू म्हणाल्या. “पाहुण्यांच्या म्होरं. साहेब, आमी भरून देऊ. पोरीला काय बोलू नका.”

“काही बोलत नाही बाई,” साहेब म्हणाले, आणि बॅगेची चेन अर्धी उघडली. पांढरा कागद दिसला. “रोकडे हुशार आहे. ती नीट लिहील. हो ना, रोकडे? उलटा फिरवला.”

संघरत्नाने कागदाकडे पाहिलं. या वेळी कोपरा नाही, अर्धं पत्र दिसत होतं. खाली निळी शाई होती. मग तिने आईकडे पाहिलं. तीन महिने जपलेली वस्तू, सत्तावीस वर्षं जपलेले कप.

“साबुदाण्यावर,” ती म्हणाली.

“काय?” मॅडम म्हणाल्या.

“फॅक्टरीत साबुदाण्यावर टेस्ट करतात. मीच करते. तीन वर्षं. आणि खाली लिहिते मिरी. आईनं बरोबर फिरवलं. ती चक्की आजपर्यंत कुणीच मिरीवर फिरवलेली नाही. आईनं पहिल्यांदा फिरवली.”

बोलून झाल्यावर तिने स्वतःचं तोंड हाताने झाकलं. हे आपणच बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. कुणी तरी दुसरी मुलगी तिच्या आवाजात बोलून गेल्यासारखं वाटलं, आणि त्या मुलीला पाठमोरी तरी पाहता यावी म्हणून तिने मागे वळूनही बघितलं. मागे ठकीमावशी होती.

“साबुदाणा!” ठकीमावशी म्हणाली. “उपासाचा?”

साहेबांनी बॅगेची चेन लावली. आवाज खट्टपेक्षा लांबलचक होता. “रिपोर्ट तुम्हीच लिहा, रोकडे,” ते गाडीकडे जाताना म्हणाले. “तुमच्याच सहीने. सोमवारी टेबलावर पाहिजे. पण आधीच सांगतो, आज इथं काही झालेलं नाही.”

मॅडम लगेच उठल्या नाहीत. त्यांना पुन्हा शिंक आली. तेवढ्यात ठकीमावशी तिच्या घरातून पाटा-वरवंट्यावर वाटलेली मिरी पानावर घेऊन आली, चहा नव्याने ठेवला गेला, आणि मॅडमनी सोनेरी काठाच्या कपातून तो घोट घोट घेतला. त्या कपातला तिसरा चहा.

“तुमचा तो पाटा,” त्यांनी ठकीमावशीला विचारलं, “किती वर्षं टिकतो?”

“माझ्या सासूची सासू मेली तवा होता,” मावशी म्हणाली. “पुढचं मला काय ठाव? मी काय त्याच्यानंतर मरणार हाय का?”

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. चेहरा गंभीर होता. मग बाहेर हॉर्न वाजला आणि त्या गेल्या.

संघरत्ना ओट्यावर एकटीच राहिली. आई आत कप धूत होती, एकेक, कपाटात परत ठेवण्यासाठी. पुढच्या महिन्यात संघरत्नाचे अकरा महिने पुरे होणार होते. त्यानंतर परत बोलावणारा फोन येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने रजिस्टराचं शेवटचं पान उघडलं, कारण जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, आणि आईने चक्की बरोबर फिरवली होती हे झालेलं होतं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, क्वालिटी खाते,
मुरबाड.

विषय: नग क्रमांक १ ते ४ यांच्या टिकाऊपणाचा अहवाल व विनंती अर्ज.

महोदय,

सदर नग तीन महिने घरगुती वापरात होते. जळकी तंबाखू, भाजलेली नाचणी, कोळसा, ओले मीठ, खोंड (बंटी) व टेम्पो यांपैकी कशानेही ते निकामी झालेले नाहीत. चारही नग आज सकाळी प्रत्येकी एका प्रयत्नात मिरीने निकामी झाले. मिरीस इजा नाही. नग क्रमांक चार श्रीमती शालन रोकडे यांनी सुलट दिशेने फिरवला होता, याची कृपया नोंद घ्यावी. कारखान्यातील मागील तीन वर्षांच्या नोंदींत ‘मिरी’ असे जेथे लिहिले आहे तेथे ‘साबुदाणा’ असे वाचावे.

तरी मे. साहेबांनी खोक्यावर हमीच्या खाली ‘मिरी आधी पाट्यावर वाटून मगच यंत्रात घालावी’ अशी सूचना ठळक अक्षरांत छापण्याचे आदेश द्यावेत, सर्व नगांचे दुधाचे दात पडून पक्के दात येईपर्यंत निर्यात स्थगित ठेवावी, त्यासाठी श्री. धाऊ यांची दंततपासनीस या पदावर नेमणूक करावी, आणि सदर अहवाल खरा लिहिल्याबद्दल अर्जदारास आजच्या तारखेपासून सेवेत कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
संघरत्ना रोकडे

सोबत: सात मिरे (अख्खे).